पानाबाहेर गेलेला रकाना

माझ्या तक्त्याचा शेवटचा रकाना पानाबाहेर गेला होता. म्हणजे अर्धा पानावर होता आणि उरलेला कुठे होता ते मला माहीत नाही. "रातले आंग ठ" इथपर्यंत छापलं होतं आणि मग कागदच संपला होता.

सरांनी ते पान खिडकीच्या उजेडाकडे धरलं, उलटून मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, "उरलेलं टेबलावर छापलंय का?"

मी खरंच टेबलाकडे पाहिलं.

मी शहाद्याला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठे हसायचं आणि कुठे उत्तर द्यायचं हे मला अजूनही नीट कळत नाही. घरी सगळे माझ्याशी एकेरीत बोलतात. सर मात्र प्रत्येक विद्यार्थ्याला 'तुम्ही' म्हणतात. सुरुवातीला त्यांनी 'तुम्ही' म्हटलं की माझ्यामागे कोणी मोठं माणूस येऊन उभं राहिलंय का, ते मी वळून बघायचे. सर आमच्या भागातले नाहीत. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेले आहेत, तरुण आहेत आणि पानाच्या चारी बाजूंना सोडायच्या मोकळ्या जागेबद्दल, म्हणजे समासाबद्दल, फार कडक आहेत. डावीकडचा समास बाइंडिंगसाठी जास्त रुंद हवा, उजवीकडचा त्याहून कमी चालेल, पण त्यात एक अक्षरही शिरता कामा नये. माझं तर अख्खं वाक्य शिरलं होतं आणि पलीकडे पडलं होतं.

प्रकल्प एका ठरावीक सॉफ्टवेअरमध्येच जुळवायचा, असाही त्यांचा आग्रह होता. त्यात लिहिताना पान दिसतच नाही. आपण नुसत्या सूचना लिहायच्या: हा रकाना डावीकडून सुरू, हा मधोमध, हा उजवीकडे टेकवलेला. दोन रकान्यांच्या मध्ये एक चिन्ह टाकायचं. मग बटण दाबायचं आणि पान तयार होऊन येण्याची वाट बघायची. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग ते डोया बांधीसन भाकर थापासारखंच व्हयनं."

चुकलं की खाली इशारा यायचा. माझ्या नशिबी नेहमी एकच इशारा असायचा. डब्यात मावत नाही एवढं भरलंय, अशा अर्थाचा. त्या सॉफ्टवेअरच्या भाषेत छापलेली प्रत्येक ओळ म्हणजे एक डबा. मला मात्र ते कोणीतरी माझ्यावर डाफरल्यासारखं वाटायचं. एकदा संगणकाच्या खोलीत कोणी नाही असं बघून मी पडद्याला म्हणाले, "हो हो, करते कमी." मागे शिपाईकाका पंखे बंद करायला आले होते. तेव्हापासून ते मला जरा सांभाळून हाक मारतात.

आता तो शेवटचा रकाना एवढा भरला कसा, ते सांगायला हवं.

माझ्या प्रकल्पाचा विषय होता कापूस वेचणाऱ्या बायकांचा दिवस. कोणत्या कामाला किती वेळ जातो, ते विचारायचं आणि आकड्यांत मांडायचं. आमचं गाव तापीच्या पट्ट्यातलं, दिवाळीनंतर सगळीकडे कापूसच कापूस, त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. लांब गेले असते तर बरं झालं असतं, असं पहिल्या दिवशी वाटलं. मी वावराच्या बांधावर वही घेऊन उभी, बायका कमरेला ओटी बांधून ओळीओळीने पुढे चाललेल्या. ओटी म्हणजे वेचलेला कापूस टाकायची कापडी झोळी. मी एकीला विचारलं, "स्वयंपाकाला रोज किती वेळ लागतो?"

तिने हात न थांबवता विचारलं, "पाव्हना वना ते, का नही वना ते?"

"रोजचा साधारण."

"रोज कोन्ही ना कोन्ही येसच वं बाई आमनाकडे."

दुसरी म्हणाली, "तिना घर नही, येसटी स्टँड शे." सगळ्या हसल्या आणि माझा रकाना रिकामाच राहिला.

मला वाचवलं ते मावशीने. ही मावशी म्हणजे आईची बहीण नव्हे, आमच्या गल्लीतली. वेचणीला कोणाच्या वावरात कधी जायचं हे तीच ठरवते आणि तिच्या शब्दाशिवाय त्या टोळीतली बाई पाणी प्यायलासुद्धा थांबत नाही. ती कंबर सरळ करत म्हणाली, "आपलीच पोर शे. सांगा वं तिले काय इचारस ते." मग माझ्याकडे वळली. "पन एक आयक. आम्ही जे सांगसूत ते तसंच लिखजो. मांगे एक मानूस वनता, आम्ही सांगं एक आन् त्यानी लिखं दुसरंच."

मी म्हणाले, "तसंच लिखसू, मावशी."

हे मी घरच्या बोलीत म्हणाले. सरांच्या भाषेत दिलेला शब्द आणि घरच्या बोलीत दिलेला शब्द यांत काही फरक असायला नको, पण मला तरी दुसरा मोडणं जास्त अवघड वाटतं. का, ते मला सांगता येणार नाही.

म्हणून मी वेळेच्या रकान्यांपुढे आणखी एक रकाना वाढवला: शेरा. आणि बायका बोलायला लागल्या. वेळ विचारला की एका शब्दात उत्तर, आणि शेऱ्यात मात्र सासू, गुडघे, गॅसची टाकी, सगळं. मावशीचा शेरा सर्वांत मोठा होता. तिने तो मला सावकाश सांगितला, शाळेतल्या बाई शुद्धलेखन घालतात तसा: "सकाळथाईन संध्याकाळलगून आम्ही वाकेल ऱ्हातस. रातले आंग ठनकस, ते कोनता खानामा लिखशी? तुन्हा सरले सांग, एक दिन ओटी बांधीसन वावरमा ये म्हना."

"शेवटचं बी लिखू का?" मी विचारलं.

"तेच ते मेन शे," मावशी म्हणाली.

तर हे सगळं पानाबाहेर गेलं होतं.

सरांनी मला सांगितलं की तक्ता पानात बसवा. मी भीत भीत विचारलं, की पान आडवं केलं तर? सर म्हणाले, "बाहेरून येणारे परीक्षक आडवं पान आलं की पुस्तक फिरवत नाहीत, पान उलटतात." मग माझ्या तक्त्यातल्या सगळ्या उभ्या रेषांवर त्यांनी लाल पेन फिरवलं. "या काढा. चांगल्या तक्त्यात उभी रेघ लागत नाही. दोन रकान्यांमधली मोकळी जागाच पुरते."

त्या दिवशी मी छापलेलं पान घरी नेलं. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, चहाचा कप बाजूला ठेवून ते पान दोन्ही हातांनी धरलं. माझ्या कॉलेजचा कोणताही कागद ते असाच धरतात, गरम ताट धरल्यासारखा. मी सांगितलं की उभ्या रेषा काढायच्या आहेत. त्यांना ते मुळीच पटलं नाही.

"बांध काढी टाकाना? मंग कोनं कोठे, ते कसं समजी?"

"मधली मोकळी जागा बघून समजतं म्हणे."

"मोकळी जागा," आप्पा म्हणाले, "हाईच ते भांडननं मूळ शे. आन् हाऊ एक रकाना बारीक, हाऊ एक मोठा, असं कसाले? सारखा वाटा करी टाक. समदासले सारखं भेटनं का कोनी बोलाले जागा नही."

इथे आमच्या वाटणीबद्दल सांगावं लागेल. आजोबांच्या माघारी जमीन तिघा भावांत वाटली तेव्हा कोणालाच कमी-जास्त वाटू नये म्हणून रस्त्यापासून नाल्यापर्यंत तीन सरळ पट्ट्या पाडल्या. प्रत्येकाला रस्ता, प्रत्येकाला नाला, प्रत्येकाची रुंदी तंतोतंत सारखी. पंचांनी वाहवा केली. नंतर लक्षात आलं की पट्टी इतकी लांब आणि इतकी अरुंद झालीय की औत वळवायला जागाच नाही. बैलजोडी वळवायची तर शेजारच्या काकांच्या पट्टीत पाऊल टाकावंच लागतं. काकांचीही तीच गत. त्यामुळे भांडण होऊ नये म्हणून केलेल्या वाटणीवरून आमच्याकडे दर हंगामात भांडण होतं. तरीही आप्पांना आणि काकांना विचाराल तर दोघेही सांगतील की वाटणी अगदी बरोबर झाली.

मी याच घरात वाढले. मला सारखा वाटा हाच न्याय वाटला. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन सगळे रकाने एकाच रुंदीचे केले, बटण दाबलं, आणि तक्ता पहिल्यांदाच समासाच्या आत आला. इशारा आला नाही. मला फार आनंद झाला. छापून मी पळतच सरांकडे गेले.

सरांनी पान समोर धरलं. अनुक्रमांकाच्या रकान्यात एक छोटासा आकडा होता आणि त्याच्या भोवती एवढी जागा, की त्यात त्याचं घर-अंगण झालं असतं.

"अनुक्रमांकाला एवढी जमीन?" सर म्हणाले. "तो काय शेती करणार आहे?"

त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर गेलं.

"आणि हे काय आहे?"

तो शेरा होता. त्यालाही सारखाच वाटा मिळाला होता. त्या चिंचोळ्या पट्टीत एका ओळीत एकच शब्द बसत होता, कुठे तर शब्दही तुटून खाली उतरत होता. मावशीचं बोलणं पानाच्या वरून निघून खालपर्यंत गेलं होतं, पुढच्या पानावर उतरलं होतं आणि तिथेही बराच वेळ चाललं होतं. शेजारी तिचे आकडे वरच्या कोपऱ्यात उभे आणि बाकी सगळं रान मोकळं. आमची पट्टीच होती ती. लांबच लांब, आणि वळायला जागा नाही.

"रुंदी गरजेप्रमाणे द्या," सर म्हणाले. "समानतेप्रमाणे नव्हे."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, पण आप्पांना सांगितलं नाही.

गरजेप्रमाणे द्यायचं म्हणजे शेऱ्यालाच सगळं द्यावं लागणार. मी बाकीचे रकाने इतके आवळले की आकडे एकमेकांना चिकटले. आवळताना एका ओळीतलं मधलं चिन्ह माझ्या हातून पुसलं गेलं आणि त्या ओळीतलं सगळं एकेक घर सरकलं, पण ते मला तेव्हा दिसलं नाही. तरी शेरा मावेना. शेवटी मी अक्षरं बारीक केली. मग आणखी बारीक. मग सॉफ्टवेअरमध्ये त्याहून बारीक अक्षर उरलंच नाही, तेव्हा तक्ता बसला.

बुधवारी ते पान घेऊन मी शहाद्याहून संध्याकाळच्या बसने गावी निघाले. स्टँडवर मावशी भेटली. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे आली होती, त्यामुळे तिला पान दाखवायला ती वेळ चांगली नव्हती, पण मला राहवलं नाही. मावशी चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि मोठी अक्षरं नीट वाचते. तिने पान लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं.

"काय शे हाई? मुंग्या सोड्यात का?"

"तुन्हं बोलनं शे, मावशी."

"मन्हं?" तिने कागदावरून हलकेच बोट फिरवलं, जणू मुंग्या खरंच पळतील. "येवढं हळू ते मी आयुष्यमा नही बोलनू."

गुरुवारी सरांनीही भिंग मागवायचं का, असं विचारलं. मग त्यांची नजर त्या सरकलेल्या ओळीवर पडली. आधी अनुक्रमांक आणि वय एकाच घरात कोंबले गेले होते, त्याच्या पुढचं सगळं घसरलं होतं, आणि मग मी ते दुरुस्त करायला जाऊन दोघांमध्ये एकाऐवजी दोन चिन्हं टाकली होती. त्यामुळे एका बाईचं वय तिच्या स्वयंपाकाच्या रकान्यात जाऊन बसलं होतं.

"ही बाई दिवसाचे अठ्ठेचाळीस तास स्वयंपाक करते?"

"नाही सर. ते वय आहे."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. ते रागावले नव्हते, थकले होते, आणि ते जास्त वाईट होतं. ते म्हणाले, "हे बघा. शनिवारी सगळ्यांचे प्रकल्प बाइंडिंगला जाणार. तुमचं काम चांगलं आहे, आकडे पुरेसे बोलतात. शेरा काढून टाका. रकाना गेला की तक्ता आपोआप बसेल."

मी "बरं सर" म्हणाले. मला दुसरं काही बोलताच येत नाही. खोलीच्या बाहेर आल्यावर मला कळलं की मी काय कबूल केलंय. सरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. संख्याशास्त्राच्या प्रकल्पात गुडघ्यांचं काय काम? पण मी 'तसंच लिखसू' म्हणाले होते. बायकांनी त्या भरवशावर मला आपला दिवस दिला होता, आणि शेरा काढला तर त्यांतली एकही बाई पुन्हा कधी कोणाला काही सांगणार नाही, हे मला दिसत होतं.

मी त्या दुपारी घरी न जाता सरळ वावरात गेले. शेवटची वेचणी चालू होती. कापूस विरळ झाला होता, त्यामुळे बायकांचे हात कमी आणि तोंडं जास्त चालत होती. मी मावशीच्या शेजारच्या ओळीत शिरले आणि तिला सगळं सांगितलं. हळू सांगितलं, पण त्या वावरात हळू असं काही नसतं.

"शेरा काढी टाकना म्हने?" पलीकडच्या ओळीतून आवाज आला. "कसाले?"

"पानावर जागा नाही."

"येवढं मोठं कालेज, आन् कागदले जागा नही?"

"आमनं बोलनंच जड व्हयनं का कागदले?" तिसरी म्हणाली.

मावशी काहीच बोलत नव्हती. बोंडातून कापूस काढून ओटीत टाकत होती. मला तिच्या न बोलण्याची भीती वाटली म्हणून मी त्यांना हसवायला अठ्ठेचाळीस तासांची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. ज्या बाईचं ते वय होतं ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मंग त्यामा चुकी काय शे?" ती म्हणाली. "बराबर शे ते. तसंच ऱ्हाऊ दे."

"एकदम बराबर," दुसरी म्हणाली. "तिना घर येसटी स्टँड शे, मी पहिलेच सांगं व्हतं."

मग त्या हसल्या. मावशीही हसली आणि म्हणाली, "येसटीमा जागा नही म्हनीसन मानूसले खाले उतारतस का? सरका वं जराशा, म्हनतस. तुन्हा सरले सांग, जराशा सरका म्हना."

"सरांच्या हातात नाही मावशी, पानाची रुंदीच तेवढी आहे."

"मंग तू दख." ती पुढच्या झाडाकडे वळली. "तू सांगं व्हतं, तसंच लिखसू." ती रागाने म्हणाली नाही. नुसती आठवण दिली, मीठ संपलंय म्हणून सांगावं तशी.

संध्याकाळी मी आमच्या पट्टीकडून घरी निघाले. आप्पा आणि काका पाटावर उभे राहून भांडत होते. वाटणीत एक गोष्ट मात्र वाटली गेली नव्हती. विहिरीतून निघणारा पाण्याचा पाट. तिन्ही पट्ट्या रस्त्याकडून नाल्याकडे उभ्या जातात आणि पाट त्या तिन्हींना आडवा छेदत, या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. तो सामाईक आहे. आमच्या पट्टीतून जातो पण आमचा नाही, काकांच्या पट्टीतून जातो पण त्यांचा नाही. म्हणूनच तिघे भाऊ भांडायला तिथे येतात. दुसऱ्याच्या जमिनीवर उभं राहून भांडल्याचा ठपका येत नाही.

"पानी सोडाना वारा मन्हा शे," काका म्हणत होते.

"तुन्हा वारा काल व्हता, आन् काल तू लगीनले गयथा," आप्पा म्हणाले.

मी बांधावर उभी राहून बघत होते. मला पाणी आणि वारा, म्हणजे पाणी सोडायची पाळी, यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी त्या पाटाकडे बघत होते. तो कोणाच्याच पट्टीत मावत नव्हता आणि मावायची त्याला गरजही नव्हती. मला वाटतं मी बराच वेळ तशी उभी असेन, कारण आप्पा भांडण थांबवून म्हणाले, "काय व्हयनं माय? तोंड उघडं ठेईसन काब्र उभी शे?"

"शेरा आडवा टाकायचा," मी म्हणाले.

आप्पांनी काकांकडे पाहिलं. काकांनी आप्पांकडे पाहिलं. "अभ्यास जास्ती व्हई गया तिले," काका म्हणाले, आणि मला चहा पाजायला आईला सांगा, या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं.

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या बसने मी शहाद्याला गेले. मला हवं होतं ते असं: वर एका बाईचे आकडे आपापल्या रकान्यांत, आणि तिच्या खाली सगळे रकाने ओलांडून, या समासापासून त्या समासापर्यंत, तिचं बोलणं. मग दुसरी बाई, तिचे आकडे, तिच्या खाली तिचं बोलणं. शेऱ्याचा वेगळा रकानाच नाही. असं करता येतं का, तेच मला माहीत नव्हतं. शोधल्यावर कळलं की करता येतं आणि त्यासाठी एक साधी सूचना आहे, किती रकाने एकत्र करायचे ते सांगणारी. इतकी साधी की मला जरा रागच आला. रकान्यांची संख्या एकदा चुकली तेव्हा सगळ्या बायकांचं बोलणं वयाच्या घरात शिरलं. दुसऱ्यांदा बटण दाबलं आणि इशारा आला नाही. मी पडद्याला काही म्हणाले नाही. आधी दाराकडे पाहून घेतलं, तरीही म्हणाले नाही.

अक्षरं मोठी राहिली होती. आकडे मोकळे उभे होते. फक्त घाईत मी बोलणं मधोमध ठेवायची सूचना दिली होती, त्यामुळे प्रत्येक बाईचे गुडघे आणि सासू लग्नपत्रिकेतल्या मजकुरासारखे पानाच्या मध्यावर सजून बसले होते. ते बदलायच्या आधीच सर खोलीत आले.

"काढला शेरा?"

"नाही सर," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा सरांना 'नाही सर' म्हणाले आणि लगेच म्हणाले, "म्हणजे, रकाना काढला सर."

त्यांनी पान घेतलं. आधी नेहमीप्रमाणे समास पाहिला. मग ते वाचायला लागले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजवर त्यांनी शेरे वाचलेच नव्हते. वाचणार कसे? आधी ते पानाबाहेर होते, मग उभे झाले होते, मग मुंग्या. आता मात्र ते स्वच्छ मोठ्या अक्षरांत होते आणि सर्वांत खाली मावशी होती. शेवटचं वाक्य काढायचं राहून गेलं, असं मला वाटलं. मग आठवलं की मी ते काढणारच नव्हते.

सर एकेका शेऱ्याशी थांबत होते. एका ठिकाणी हसले. मग मावशीपाशी आले आणि हळू आवाजात, आमची बोली त्यांच्या शुद्ध उच्चारांत वाचू लागले. "रात-ले आंग ठनकस. ते कोनता खाना-मा लिखशी." थांबले. "म्हणजे अंग ठणकतं ते कोणत्या रकान्यात लिहिणार?"

"हो सर."

ते पुढचं वाक्य वाचत होते. मी जमिनीकडे पाहिलं.

"ओटी म्हणजे?"

"कापूस वेचताना कमरेला बांधतात ती झोळी, सर."

"हं."

त्यांनी लाल पेन उघडलं. मला वाटलं, गेलं. पेन मावशीच्या ओळीवर गेलं आणि तिच्या डाव्या टोकाशी एक उभी छोटी रेघ ओढली.

"हे मधोमध कशाला? डावीकडून सुरू करा. माणूस बोलायला लागतो तेव्हा मध्यावरून लागत नाही." मग आकडे आणि बोलणं यांच्यामध्ये पेनाने टिचकी मारली. "आणि इथे थोडं अंतर सोडा. फार चिकटलंय."

"शेरा ठेवू, सर?"

"अंतर सोडा म्हटलं ना." दाराशी जाऊन ते वळले. "वेचणी अजून चालू आहे का तुमच्याकडे?"

"शेवटची आहे, सर."

"बरं," सर म्हणाले आणि गेले. या 'बरं'चा अर्थ मी अजून लावते आहे.

बांधलेली प्रत मिळाली तेव्हा मी ती ओढणीत गुंडाळून वावरात नेली. दुपारच्या भाकरीला सगळ्या लिंबाखाली बसल्या होत्या. मी एकेकीचं वाचून दाखवलं. नावं नव्हती, नुसते क्रमांक, पण प्रत्येकीला आपलं बोलणं लगेच ओळखू आलं आणि शेजारणीचं त्याहूनही आधी. अठ्ठेचाळीस तासांची दुरुस्ती झालेली पाहून ती बाई जरा नाराज झाली. मावशीने आपलं वाक्य मला वाचू दिलं नाही. हात धुऊन पदराला पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं, आणि बोट ठेवून स्वतः वाचलं, शब्द सुटे सुटे करत, शेवटपर्यंत. 'म्हना' आल्यावर तिने मान हलवली.

"सर कवय येनार शे मंग?"

"माहीत नाही. वेचणी अजून चालू आहे का, ते विचारत होते."

"एक ओटी धुई ठेवस," ती म्हणाली. मग तिने पान वरपासून खालपर्यंत पुन्हा न्याहाळलं आणि डावीकडच्या मोकळ्या जागेवर तळहात टेकवला. "आन् हाई येवढी जागा पडीत कसाले सोडी? म्हने, जागा नही, जागा नही."

"तिथे काही लिहायचं नसतं मावशी. तिथे पुस्तक शिवतात. सगळीकडे सोडावीच लागते."

"बांध शे का?"

मी विचार केला. सरांनी समासाबद्दल सांगितलेलं सगळं मला पाठ होतं, पण ते तिला कसं सांगावं ते सुचेना.

"हा," मी म्हणाले. "बांधच शे."

"मंग ठीक शे," मावशी म्हणाली आणि पुस्तक मिटून, भाकरीच्या फडक्यापासून दूर, स्वच्छ जागा बघून ठेवलं. "बांध पाह्यजेच."